रेतीबंदराची चौपाटी झाली, आता होडी लावायची कुठे?

खारेगावचा_दादा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज वेळ मिळाला.

गेल्या रविवारी संध्याकाळी लेकीला घेऊन ठाण्याच्या पारसिक रेतीबंदरला खाडीकाठी फिरायला गेलो होतो. लेक आठ वर्षांची. मस्त वारा सुटला होता, खाडी काठोकाठ भरलेली, मागे पारसिकचा डोंगर, वर मुंब्रादेवी, रुळावरून लोकल जातायत, लोकं पोराबाळांना घेऊन आलेली. तर ही मला विचारते, पप्पा इथे रेती कुठाय? म्हटलं कसली रेती? तर म्हणे तुम्हीच म्हणालात ना रेतीबंदरला जाऊया. मग तिला तिथेच बाकावर बसवलं आणि सगळं सांगत बसलो, तेच इथे लिहितोय.

माझे बाबा याच पट्ट्यात बंदरावर मुकादम होते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाडीच्या तळातली रेती होड्या आणि बार्ज भरभरून धक्क्याला यायची. धक्का म्हणजे काय तर दगडमातीचा भराव आणि होडीपासून काठापर्यंत टाकलेल्या फळ्या. त्या फळीवरून माणसं डोक्यावर पाटी घेऊन वर यायची, पाटीतलं पाणी मानेवरून पाठीवर गळत असायचं, फळी प्रत्येक पावलाला खाली जायची आणि ते त्याच लयीत चालायचे. काठावर ढीग, आणि ढिगातून ट्रक भरणार.

बाबांचं काम ट्रक मापायचं. रेती ब्रासवर विकतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौद्याची लांबी रुंदी ठरलेली असते, राहिली उंची, तर बाबा ट्रकवर चढून लोखंडी सळी रेतीत खुपसायचे, चारी कोपऱ्यात आणि मध्ये, सळीवर बोट धरून उंची वाचायचे आणि खाली ओरडून सांगायचे. कारण रेती मध्ये जास्त पडते आणि कडेला कमी. आणि अजून एक गोष्ट, दमट रेती फुगते, सुकली की बसते, म्हणजे इथून निघताना तीन ब्रास असलेली साइटवर पोचून दोन दिवसांनी तीन ब्रास भरत नाही. त्यावरून रोज भांडणं. बाबा म्हणायचे मी माप खरं देतो, पाण्याचं मी काय करू.

ट्रक निघाला की मागे डांबरावर पाण्याची ओळ उमटायची, थेट कळवा नाक्यापर्यंत. आई म्हणायची ती ओळ धरून उलटं चालत गेलं की तुमचे बाबा सापडतात.

२०१० ला हायकोर्टाने रेती उपशावर बंदी आणली आणि सगळं आक्रसत गेलं, नंतर काय चोरून चालायचं ते सगळ्यांना माहितीये. मग स्मार्ट सिटीत ठाण्याचा नंबर लागल्यावर खाडीकिनारा विकासाची कामं निघाली, गायमुख, नागला बंदर, कोलशेत, साकेत-बाळकुम, कोपरी आणि आपलं पारसिक. नावं बघा, यातली कितीतरी ठिकाणं बंदरंच होती.

चौपाटी झाली याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या लहानपणी त्या बाजूला संध्याकाळनंतर बाईमाणूस फिरकायचं नाही, आज आज्ज्या नातवंडांना घेऊन बसतात. पण एक खटकतं. बंदर म्हणजे जिथे माणूस पाण्यात उतरतो आणि होडी काठाला लागते ती जागा. आता पाणी कठड्याच्या पलीकडे आहे, बघायचं आणि फोटो काढायचा. लेकीने विचारलं होडीत कधी बसायचं, तर मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या आठवणी लिहा, आणि खाडीकाठी होडी उतरवायची सोय कुठे राहिली आहे तेही.

स्लो_लोकल

मस्त लिहिलंय दादा. मी डोंबिवलीचा, २५ वर्षं ठाण्याला नोकरी. कल्याणकडे जाताना कळवा सुटलं की डाव्या हाताला रेतीचे ढीग दिसायचे, ओले काळपट, त्यावर उभे बगळे, आणि पाण्यात अगदी काठोकाठ बुडालेल्या होड्या, इतक्या खाली बसलेल्या की वाटायचं आत्ता पाणी आत येईल. दाराशी उभा असलो की तेवढी दोन मिनिटं हवा गार लागायची.

फास्टवाल्यांना हे दिसायचंच नाही, ती लोकं पारसिकच्या बोगद्यातून जायची. तो बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब आहे. त्याच्या आधी सगळ्या गाड्या डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेनेच जायच्या, १८५४ ला ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत लाईन नेली ती हीच. आता २०२२ ला पाचवी-सहावी मार्गिका झाल्यापासून फास्ट लोकलही बोगदा सोडून मुंब्र्याकडूनच जाते, त्यामुळे आता सगळ्यांनाच खाडी दिसते. पण बहुतेकांच्या माना मोबाईलमध्ये.

मुंब्रा_टेकडी

दादा तुम्ही काठावरचं लिहिलंत, मी पाण्यातलं लिहितो. आमच्या चाळीत डुबीवर जाणारे चार-पाच जण भाड्याने राहायचे. सक्शन पंप आले ते नंतर, त्याच्या आधी हातपाटी, म्हणजे हातानेच रेती काढणं, आणि डुबी. डुबी म्हणजे होडीतून एक लांब बांबू तळात रोवायचा, तो धरून माणूस बादली घेऊन खाली जाणार, तीस-चाळीस फूट, श्वास रोखून, तळाशी बादली भरणार आणि दोरीला झटका देणार, वरचे दोघं ओढून घेणार. पाणी एवढं गढूळ की खाली डोळे उघडून काही उपयोग नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. ना मास्क ना नळी. दिवसभर तेच.

त्यातल्या एकाला मी काका म्हणायचो. त्यांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही, नेहमी उजवा कान पुढे करून बोलायचे. कानात कापूस आणि त्याला तेल. थंडीत संध्याकाळी आले की पहिला अर्धा तास दाताला दात लागत असल्याने बोलायचे नाहीत, चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून नुसते बसायचे, आम्ही पोरं गप्प बसून वाट बघायचो.

ठाणे डोंबिवलीत त्या काळात उभ्या राहिलेल्या किती इमारतींच्या प्लास्टरमध्ये त्या काकांच्या बादलीतली रेती असेल. चौपाटीवर नटव्या कमानी कशाला, एक बांबू आणि एक बादली उभी करा आणि खाली चार ओळी लिहा की इथे काय काम चालायचं. मला तेवढं पुरे.

सिव्हिल_सुहास

रेतीवर थोडं, कारण साइटवर आयुष्य गेलं. खाडीच्या रेतीला खार असतो. गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर प्लास्टरला लोणा धरतो, पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, हात लावला की पापुद्रा सुटतो. आणि स्लॅबमध्ये गेली तर क्लोराईडमुळे सळीला गंज, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. जुन्या इमारतींच्या बाल्कन्या खालून फुटलेल्या दिसतात त्यात न धुतलेल्या रेतीचाही वाटा असतो. आता बहुतेक काम क्रश सँडवर, म्हणजे खाणीतला दगड फोडून केलेली. म्हणजे खाडी वाचली आणि डोंगरावर आलं, हेही लक्षात असू द्या.

तिवराचं_झाड

आठवणी वाचून गलबलून आलं, विशेषतः डुबीवाले काका. पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. सक्शन पंप आल्यावर खाडीचं जे झालं ते भयंकर होतं. हातपाटीने माणूस काढून काढून किती काढणार, पंप रात्रंदिवस तळ ओरबाडायचे. तळ खोल झाला की काठ आत ढासळतो, तिवरं मुळासकट पाण्यात जातात, शेताचे बांध फुटून खारं पाणी भातात शिरतं. पुलाच्या खांबाजवळची माती जाते ते वेगळंच. भिवंडी बाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. बंदी आली ते बरंच झालं.

आता मुद्दा चौपाटीचा. हायकोर्टाने २००५ ला तिवरांचं रान वन म्हणून धरलं आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकाम नको म्हणून सांगितलं. त्यामुळे खाडीकाठी भराव घालून भिंत बांधणारी चौपाटी मला नको आहे. जिथे आधीच धक्का होता, भराव होता, तिवरं गेलेलीच होती, तिथे बसायला जागा करा, रेतीबंदराची जागा त्यासाठी योग्यच आहे. पण तो पट्टा वाढवत वाढवत शेजारची तिवरं तोडू नका एवढंच. चिखल दिसतो म्हणून लोकांना ती जागा घाण वाटते, त्याच चिखलात निवट्या उड्या मारतात आणि चिंबोऱ्या वाढतात.

घोडबंदर_रोडवाली

आमची गायमुखची चौपाटी पण छान झालीये हं, सूर्य मावळताना समोरच्या डोंगरांवर जो रंग येतो ना! आणि फ्लेमिंगो पण येतात ना इकडे? रामसर झालंय ना आपल्या खाडीला?

तिवराचं_झाड

@घोडबंदर_रोडवाली ताई, थोडी गल्लत होतेय. गायमुख, कोलशेत, पारसिक हा सगळा उल्हास नदीचा पट्टा, तो पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. फ्लेमिंगो अभयारण्य आहे ते ठाणे खाडीत, ऐरोली ते वाशी पुलाच्या बाजूला, २०१५ ला जाहीर झालं, १६९० हेक्टर. रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा २०२२ ला मिळाला तो त्याच ठाणे खाडीला. दोन्ही पाणी साकेत-कळव्याजवळच्या चिंचोळ्या फाट्याने जोडलेलं आहे, म्हणून तर साष्टी, म्हणजे ठाणे शहर आणि मुंबईची उपनगरं आहेत ती जमीन, हे बेट. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो बघता येतात, मुलांना नक्की न्या, भरतीची वेळ बघून बुकिंग करा.

घोडबंदर_रोडवाली

अरे हो का, इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. धन्यवाद. ऐरोलीला नक्की जाणार.

चेंदणीची_लेक

मी चेंदणी कोळीवाड्यातली. दादाने होडीचं विचारलं म्हणून लिहिते.

आमच्याकडे मीठबंदर. नाव अजून रस्त्याला आहे. कोपरीपासून पुढे मिठागरं होती, तिथलं मीठ गलबतांतून जायचं, माझ्या आजोबांनी ते बघितलंय. ठाण्याला रेल्वे आली १८५३ ला, त्याच्या आधी माल काय आणि माणूस काय पाण्यानेच यायचा जायचा. मुंबईला जायचं म्हणजे वारा आणि भरती बघून निघायचं. आज खाडीकाठी पाच मजली पार्किंग दिसतं पण एक होरी (छोटी होडी) ओढून ठेवायची म्हटली तर जागा शोधावी लागते.

नारळी पौर्णिमेला आमची मिरवणूक निघते, सोन्याचा नारळ घेऊन, बायका नटूनथटून, बॅंड वाजतोय, आणि बंदरावर आल्यावर पाया पडून नारळ सोडायचा. तेव्हा पायरीवर उभं राहून पाण्याला हात लावतो आम्ही, माझी आजी पाण्याला हात लावून तोच हात कपाळाला लावायची. कठड्यावरून नारळ फेकणं म्हणजे पूजा नाही. खाडीला आम्ही आई म्हणतो.

मच्छी कमी झालीये हे खरं. आजोबा सांगायचे जिताडा असा लागायचा की दोघांनी धरून आणायला लागायचा. आता पाग टाकला तर बोईट मिळाले तरी नशीब. पण कमी झालीये, संपलेली नाही, अजून आमची दोन घरं रोज जातात. त्यांना होडी लावायला जागा द्या. चौपाटी करणाऱ्यांनी नकाशा काढायच्या आधी कोळीवाड्यात येऊन एकदा विचारलं असतं तर कुठल्या ओहोटीला कुठे चिखल उघडा पडतो ते आमच्या पोरांनीही सांगितलं असतं.

खारेगावचा_दादा

ताई तुम्ही नेमकं बोललात. आजीचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

सिंगापूरचा_ठाणेकर

पाचपाखाडीचा आहे, सध्या सिंगापूरला. इथलं सांगतो, कारण हीच गोष्ट इथे घडून गेलीये.

सिंगापूर नदीच्या तोंडाशी 'बोट की' (Boat Quay) नावाचा धक्का आहे. शंभरेक वर्षं तिथे जहाजांवरचा माल पडावांतून, म्हणजे मालवाहू होड्यांतून, उतरायचा, तांदूळ, रबर, काठाला लागून गोदामं, आणि नदीचं गटार झालेलं. १९७७ ला पंतप्रधान ली क्वान यू यांनी सांगितलं की दहा वर्षांत या नदीत मासे दिसले पाहिजेत. मग आधी पाण्याकडे लक्ष दिलं, डुकरांचे गोठे हलवले, काठच्या झोपड्यांतल्या लोकांना घरं दिली, सांडपाण्याच्या लाईनी टाकल्या, गाळ उपसला. १९८३ ला सगळे पडाव पासिर पांजांगला हलवले. १९८७ पर्यंत नदी साफ झाली आणि त्याच्या नंतर काठावर हॉटेलं वगैरे आली. जुनी गोदामं पाडली नाहीत, तशीच रंगवून ठेवली.

म्हणजे क्रम बघा, आधी पाणी, मग काठ. आपल्याकडे काठाला टाइल्स आधी लागतात.

पण इथलंही सगळं गोड नाही. पडावांवरचे लोक गेले ते गेलेच. आज नदीत त्याच जातीच्या होड्या फिरतात, पुढे डोळे रंगवलेल्या, पण आत पर्यटक. इथले म्हातारे सांगतात की ज्या दिवशी पडाव गेले त्या दिवशी नदी एकदम शांत झाली आणि त्यांना रात्री झोप लागेना. मी रोज संध्याकाळी तिथून चालत जातो, दिवे छान असतात, आणि मला दर वेळी कळव्याचा पूल आठवतो.

दिवाळे_गाव

आम्ही नवी मुंबईतले. बेलापूरला जेट्टी झाली, २०२२ च्या फेब्रुवारीत वॉटर टॅक्सी सुरू झाली, त्याचं कौतुकच आहे. आमच्या दिवाळ्याला कोळीवाडा जिवंत आहे, होड्या आहेत, सकाळी मच्छी उतरते तेव्हा या कधी. जिथे होडी येते तिथे गर्दी आपोआप होते, बाकडी टाकावी लागत नाहीत. बायका टोपली घेऊन बसल्या की लोक येतात, पोरं येतात, चहावाला येतो. एवढंच सांगायचं होतं.

सिव्हिल_सुहास

होडीच्या जागेबद्दल एक सुचवतो. पारसिक रेतीबंदरला विसर्जन घाट आहे, कोलशेतला, गायमुखला, कोपरीला पण आहेत. विसर्जन घाट म्हणजे तरी काय, पाण्यात उतरणारा उतार. वर्षातले मोजून थोडे दिवस तो लागतो. बाकीचे दिवस तोच उतार होड्यांना द्या. वेगळा खर्च जवळपास नाही. एका कडेला लोखंडी कड्या ठोका दोर बांधायला, उताराला खडबडीत फिनिश ठेवा म्हणजे शेवाळावरून पाय घसरणार नाही, आणि तो उतार ओहोटीच्या रेषेच्या खालपर्यंत न्या. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो मुंबईला. उतार अर्ध्यात संपला तर ओहोटीला पुढे गुडघाभर चिखल.

चेंदणीची_लेक

सुहासभाऊ शंभर टक्के. आणि लाईफगार्ड म्हणून कोळ्यांचीच पोरं ठेवा, गणपतीत तशीही तीच पाण्यात असतात.

स्लो_लोकल

खरंय. भरतीची वेळ तुम्ही लोक तिथीवरून कशी काढता ते सांगा ना, कुठेतरी ऐकलं होतं.

चेंदणीची_लेक

सोप्पं आहे. तिथीचा पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी, पाणी मऊ. आत खाडीत थोडा उशीर धरायचा. आजीला घड्याळ वाचता यायचं नाही पण हे कधी चुकलं नाही.

खारेगावचा_दादा

मंडळी, सगळ्यांचे आभार. मी सुहासभाऊंनी सांगितलं तसं एक पत्र लिहायला घेतलंय, विसर्जन घाट वर्षभर होड्यांना उघडा ठेवा आणि मुंब्रा_टेकडी म्हणाले तसा एक बांबू आणि बादली उभी करा, एवढ्या दोनच मागण्या. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा घाटाच्या फाटकाला कुलूप होतं, त्याचा फोटो जोडतो. चेंदणीच्या ताई, तुमच्याकडच्या होडीवाल्यांच्या सह्या मिळाल्या तर पत्राला वजन येईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि काल शेवटी बाबांना घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे ते चार वर्षं तिकडे फिरकले नव्हते. रिक्षा अगदी काठापर्यंत नेली. पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत, डोंगराकडे बघत होते. मग म्हणाले, तो कातळ देवळाच्या बरोबर खाली दिसायला हवा, चल अजून पुढे. काठी टेकत टेकत पन्नास पावलं गेले, थांबले, आणि काठीने पेव्हर ब्लॉकवर टकटक केलं. इथे माझी केबिन. आणि ट्रक असा उलटा लागायचा.

लेक त्यांचा हात धरून होती. बाजूला काहीतरी दुरुस्तीचं काम चालू होतं, रेतीचा छोटा ढीग पडलेला. बाबा तिथे गेले, वाकता येत नाही तर तिला म्हणाले मूठभर दे. तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळली, पसरली, उन्हात धरली. म्हणाले, ही दगडाची आहे, बोचते बघ. आपल्या रेतीत शिंपल्याचे तुकडे असायचे, चमकायचे.

मग ती त्या ढिगात शिंपले शोधत बसली, उठायलाच तयार नाही.